मतदारांच्या आया

माझ्या मुलीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून फोन तिच्या बापानं उचलला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "आई, मी इलेक्शनला उभी राहिले. दोन महिने झाले फिरतेय, तुला सांगायचा धीर आज झाला." मी तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवलं, ती उलटली आणि विचारलं, "सीट रिझर्व्ह हाय का?"

हसू नका. तुमची लेक नऊ वर्षं नेदरलँडमध्ये राहत असती आणि एक दिवस तिनं सांगितलं असतं की इथल्या नगरपालिकेला उभी आहे, तर तुमच्याही तोंडून असंच काहीतरी निघालं असतं. त्यात मी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका गावची पाच वर्षं सरपंच होते. बायकांची सीट सुटली म्हणून मला उभी केली होती, ते खरं. पण पुढच्या वेळी ओपन सीटवर मेंबर म्हणून निवडून आले, तेव्हा कुणाची मेहरबानी नव्हती. ही गोष्ट मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते, त्याला माझा इलाज नाही.

तिथं सीट राखीव नसतात म्हणे. मुलीचा पासपोर्टही आपलाच, भारताचा. पण त्या देशात पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला शहराच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं. देशाच्या निवडणुकीत नाही, फक्त शहराच्या. मला हे एकदम पटलं. ज्याच्या दारात कचऱ्याची गाडी येते, त्यानं मत द्यावं, यात गैर काय?

"पक्षानं कितव्या नंबरवर ठेवलं?" मी विचारलं. तोवर तिनं तिथली पद्धत समजावली होती, पक्षाची यादी असते आणि वरचे वरचे निवडून येतात.

"चौदाव्या."

"निवडून येणार किती?"

"चार. लई तर पाच."

म्हणजे लग्नपत्रिकेत सगळ्यात खाली बारीक अक्षरात चुलत भाच्यांची नावं छापतात ना, तसली गत. नाव आहे, मान नाही. पण मुलगी म्हणाली, एक वाट आहे. मत देताना माणूस पक्षाच्या रकान्यातल्या कोणत्याही एका नावापुढचं गोल रंगवतो. एखाद्या खालच्या नावापुढं पुरेशी मतं पडली, तर ते नाव उडी मारून वर जातं. "काही शे मतं लागतील," ती म्हणाली, "माझ्या एकटीच्या नावावर." मग जरा थांबून तिनं पुढचं सांगितलं, आणि ते ऐकून आमच्या ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

जावयाला हैदराबादला नोकरी चालून आली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. मुलगी म्हणाली, "नऊ वर्षं झाली, आई. लोक लई चांगले हायेत. पण मी अजून पाहुणीच हाय. परवा प्रचाराला गेले तर एका आजीनं दार उघडलं, माझ्या बोलण्याचं कौतुक केलं, आणि विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? मी ठरवलंय. निवडून आले तर राहायचं, इथलीच व्हायचं. पडले तर जूनमध्ये हैदराबाद."

आता आम्ही लातूरला राहतो, आणि लातूरहून हैदराबाद म्हणजे सकाळची गाडी धरली तर दुपारच्या चहाला लेकीच्या घरी. सहा वर्षांची नात, जी मला आता फक्त फोनच्या काचेतून दिसते, ती मांडीवर. आमच्या ह्यांचं खतं-बियाणांचं दुकान, चाळीस वर्षं माणसं तोलून झालेली. फोन ठेवताच ते म्हणाले, "तू ह्यात पडू नको. हरली तर घरी येते."

मी भाकऱ्या डब्यात भरल्या. वाद घातला नाही म्हणजे मला पटलं, असा त्यांचा समज झाला. एवढी वर्षं संसार करून माणूस असा समज कसा करून घेतो, मला कळत नाही.

त्या पाहुणीपणाचं मला फार लागलं होतं. मी उदगीरची. माहेरी घरात कानडी चालायची. लग्न होऊन आले तर गावानं माझं नाव ठेवलं कानडीण. वाईट कुणी वागलं नाही. हळदी-कुंकवाला बोलवायचे, बसायला पाट द्यायचे, चहात साखर जास्त घालायचे. पण माझ्यासमोर गावातलं काही बोलायचे नाहीत. सरपंच झाल्यावरही पहिल्या मीटिंगला खुर्ची ह्यांच्यासाठी मांडली होती. मी सगळ्यांसमोर ह्यांना म्हटलं, "तुम्ही दुकानात जावा, गिऱ्हाईक ताटकळून राहिलंय," आणि बसले. तरीसुद्धा मी गावची झाले ती त्या दिवशी नाही. सहा महिन्यांनी एक म्हातारी माझ्या दारात आली आणि तुंबलेल्या नालीवरून अर्धा तास माझ्याशी कडाकडा भांडली. माझ्या उदगीरसकट माझा उद्धार केला. ती गेल्यावर मी आत येऊन हसत सुटले. पाहुणीशी कोण भांडतं?

माझ्या पोरीशी तिथं कुणीतरी असंच भांडावं, असं मला फार वाटलं. पडून, मान खाली घालून तिनं परत यावं हे मला चालणार नव्हतं. यायचं तर दुसऱ्या कशासाठीही ये. मी दुसऱ्या दिवशी, हे दुकानात गेल्यावर, तिला फोन लावला. "मतदार यादी पाठव."

"ती कुणाला देत न्हाईत, आई. खाजगी असती."

मी कपाळाला हात लावला. यादी नाही तर घरं कशी वाटून घ्यायची, कुणाकडं कोण जाणार? मग म्हटलं, शेवटच्या रविवारी आपल्या सगळ्या लोकांना जेवू घाल. ती म्हणाली, "आई, इथं त्याला लाच म्हणतात." मी म्हटलं, "इथंही तेच म्हणतात."

तर यादी आपणच करायची ठरवली. माझी नणंद नांदेडला असते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्यावर तिनं बावीस वर्षं मेस चालवली. किनवट, कंधार, देगलूर, बिदर, कुठकुठची पोरं तिच्या हातचं वरण खाऊन गेली आणि आता जगभर पसरली. तिच्याकडं एक जाडं रजिस्टर आहे. पोराचं नाव, गाव, आणि आईचा फोन नंबर. पोरगं तापानं पडलं की आईला कळवायचं, म्हणून ठेवलेलं. मी सकाळच्या बसनं नांदेडला गेले आणि वन्संच्या ओट्यावर पिशवी ठेवून म्हटलं, "ते रजिस्टर काढा."

निवडणुकीची माझी एकच विद्या आहे, ती सांगते. मतदाराकडं जायचं नाही. मतदाराच्या आईकडं जायचं. मतदार तुम्हाला हो म्हणतो, तुमच्या विरोधकालाही हो म्हणतो. आईला हो म्हटलं की मात्र त्याला रोज विचारलं जातं. गावात मी अशीच निवडून आले, एकाही पुरुषाला मत न मागता.

आठ दिवस आम्ही दोघी दुपारची जेवणं उरकून फोन घेऊन बसायचो. रजिस्टरमधली जी पोरं त्या शहरात होती, ती मुलीला विचारून काढली, तर अकराच निघाली. वन्संचं तोंड उतरलं. पण मला माहीत होतं पुढं काय होणार. तिकडं लेकीसुनांच्या बाळंतपणाला आया तीन-तीन महिने जातात. मीही गेले होते. थंडीत कानटोपी घालून बाबागाडी ढकलत बागेत फिरायचं, आणि समोरून दुसरी कानटोपी आली की थांबून विचारायचं, कुठल्या तुम्ही? त्या बागेतल्या ओळखी जन्मभर टिकतात. एका आईकडं तीन आयांचे नंबर होते, त्या तिघींकडं आणखी चार-चार. चौथ्या दिवशी आम्ही गुलबर्ग्याला पोचलो होतो, सहाव्या दिवशी नागपूरला.

कंधारच्या एका बाईचा फोन लागला. किल्ल्याच्या बाजूला त्यांचं किराणा दुकान, मुलगा तिकडं सात वर्षं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराला तिथं मत हाय? त्यानं तर कधी सांगितलं न्हाई."

"त्यालाच ठाऊक नसंल, अक्का. त्याच्या घरी पोस्टानं एक पाकीट आलं असंल, मतदानाचं. शोधायला सांगा."

निम्म्या घरांत हीच तऱ्हा. पोरं एवढी शिकलेली, पण पाकीट बँकेची जाहिरात समजून रद्दीत टाकलेलं. त्या आठवड्यात मराठवाड्यातून किती आयांनी युरोपातली रद्दी उपसायला लावली असेल, सांगता येत नाही. ज्यांच्या पोरांना पाच वर्षं झाली नव्हती त्या हिरमुसायच्या. मी म्हणायचे, पुढच्या खेपेला. जणू पुढच्या खेपेचा सगळा कारभार माझ्याकडंच होता.

आणि मत फुकट कोण देतं? देगलूरच्या बाई म्हणाल्या, माझ्या सुनेच्या तीन सायकली चोरीला गेल्या, तुमची मुलगी त्याचं काय करणार ते सांगा, मग बघू. नांदेडच्या एका अम्मींना नातवाच्या पोहण्याच्या क्लासची काळजी होती, दोन वर्षांचं वेटिंग. "सब तरफ पानी पानी है वहाँ," त्या म्हणाल्या, "और बच्चे को तैरना नहीं आता." मुलाला सांगाल ना, असं विचारल्यावर म्हणाल्या, "बोलती मैं. नई सुना तो उसकी बीवी को बोलती." मी रोज संध्याकाळी ही सगळी गाऱ्हाणी मुलीला कळवायचे. ती म्हणाली, "आई, दोन महिने दारोदार फिरून मला हे कुणी सांगितलं न्हाई, आणि तुला देगलूरमधून कळून राहिलं." मला बरं वाटलं. खोटं का बोलू, लईच बरं वाटलं.

सगळ्या आया शेवटी एकच विचारायच्या. चिन्ह कोणतं?

मी सांगायचे, तिथं चिन्ह नसतं, पक्षाचा नंबर असतो. यादी नंबर चार. चार म्हणजे आपली. त्या घोकायच्या, चार नंबर, चार नंबर. वन्संनी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठा चार काढून ठेवला. आठव्या दिवशी काम फत्ते समजून मी लातूरला परत आले.

मतदान बुधवारी होतं. रविवारी दुपारी मुलीनं मतपत्रिकेचा नमुना पाठवला. फोटोत ती दोन्ही हात पसरून धरली होती तरी मावत नव्हती. आमचे हे चष्मा लावून म्हणाले, "ही तर चादर हाय की." प्रत्येक पक्षाचा एक उभा रकाना, त्याखाली नावंच नावं, नावापुढं गोल. मी चौथ्या रकान्यात बोट खाली खाली नेत चौदाव्या नावावर थांबले. माझ्या लेकीचं नाव. आणि तिथंच माझी चूक माझ्या ध्यानात आली.

मी सगळ्यांना फक्त पक्ष सांगितला होता. आपल्याकडं चिन्ह दाबलं की माणूस आपोआप आला. पस्तीस वर्षं तेच करत आलेलं माझं डोकं, रकान्याच्या आत नावही शोधावं लागतं हे मुलीनं पहिल्याच दिवशी सांगूनसुद्धा, सांगायचं विसरलं. आयाही तशाच, चिन्हावर वाढलेल्या. पोरं काय करणार, चौथा रकाना बघून सगळ्यात वरच्या नावापुढचं गोल रंगवणार. वरचं नाव एका उंच, टक्कल पडलेल्या गृहस्थांचं होतं, मुलीनं पाठवलेल्या प्रचाराच्या फोटोत मी त्यांना पाहिलं होतं. ते तर तसेही निवडून येणारच होते. मी आणि वन्संनी आठ दिवस राबून त्यांचा प्रचार केला होता.

तेवढ्यात मुलीचा फोन. "बघितलीस का, आई? समजली ना पद्धत?"

"समजली," मी म्हटलं. "गॅसवर दूध हाय, ठेवते."

ह्यांना सगळं माझ्या तोंडावरून कळलं होतं. दुकानदाराला कळतंच. ते हळूच म्हणाले, "आता काही करू नको. तू मुद्दाम थोडंच केलंय? चुकून झालं. कुणी तुला बोल लावणार न्हाई." आणि मग, माझ्याकडं न बघता, "जूनमध्ये पोरगी हैदराबादला आसंल."

दोन तास मी कुणालाच फोन केला नाही. फोन उशीखाली ठेवला. कुणाला वाटेल मी लगेच उठले असेन, तर तसं झालं नाही. मला माझी लेक हवी होती. नातीची वेणी माझ्या हातानं घालायची होती. एवढ्या वर्षांत एका सणाला लेक घरात नाही, आणि आता ती यावी म्हणून मला काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. एवढी सोपी गोष्ट मला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती.

उशीखाली फोन थरथरला. कंधारच्या बाई. मी उचलणार नव्हते, पण सरपंचकीची सवय, वाजलेला फोन सुटत नाही.

"शरणार्थ, अक्का," आमच्या लिंगायतांचा नमस्कार करून त्या म्हणाल्या, "सापडलं बघा पाकीट. पोरानं फ्रिजवर लावून ठेवलंय. मला फोटो पाठवला. म्हणला, आई, सात वर्षं हाय इथं, पण मला वाटलंच न्हाई कधी की ह्या गावात मला कुणी विचारंल. बुधवारी सुट्टी टाकून सगळ्यात आधी जातो म्हणला. त्या मावशीच्या पोरीलाच देतो. चार नंबर. पाठ हाय त्याला."

 ह्या बाईला मी एकदाही पाहिलेलं नाही. माझ्या शब्दावर तिनं पोराला कामाला लावलं, ते पोरगं सात वर्षांत पहिल्यांदा त्या शहरात कुणालातरी आपलं म्हणून मत द्यायला निघालं, आणि मी त्याला टकल्या गृहस्थांकडं धाडून उशीखाली फोन ठेवून बसले होते. सरपंचकीत मी शिव्या खाल्ल्या, कोर्टकचेरी पाहिली, पण मत मागून कुणाला फसवलं नाही. मला स्वतःचीच चीड आली.

"अक्का, थांबा," मी म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. लिहून घ्या."

नंतर वन्संना फोन केला. सगळं ऐकून हसून हसून त्यांना ठसका लागला. मग कामाला लागल्या. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी रकाना आखला, चौदा गोलं काढली. तिथं मत लाल पेन्सिलनं द्यायचं असतं. घरात लाल पेन्सिल सापडेना, तर वन्संनी देवघरातलं कुंकू ओलं करून चौदावं गोल भरलं आणि फोटो काढला. खाली लिहिलं, चौथा रकाना, वरून चौदावं, एकच रंगवायचं. तो फोटो आधी आयांकडं गेला, आयांकडून पोरांकडं.

पण आयांना नुसता फोटो पाठवून भागत नाही, समजावून सांगावं लागतं. सोमवारी सकाळी इष्टलिंगाची पूजा उरकून मी फोनला बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. घसा बसला. हे दुकानातून जेवायला आले, माझ्याकडं बघत उभे राहिले. सकाळी ते चहा न घेताच दुकानात गेले होते. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी माझ्यापुढचा नंबरांचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि अर्धा खिशात घातला.

"बापांना मी सांगतो," ते म्हणाले. "आया तू बघ. एवढ्या एकटीनं कधी संपवशील?"

त्या दिवशी दुकानात खताच्या पोत्यावर बसून ह्यांनी पन्नासेक बापांना चौदावं गोल समजावून सांगितलं. बाप लोक लवकर ऐकत नाहीत, म्हणून मंगळवारी पुन्हा सांगितलं.

बुधवारी दुपारनंतर माझा फोन थांबला नाही. टाकलं. टाकलं. आमच्या दोघांनी टाकलं. आमच्या सुनेनं टाकलं आणि पोलिंगवाल्याला सायकलीचंही सांगितलं. नांदेडच्या अम्मींनी कळवलं की मुलानं ऐकलं, सुनेला सांगायची वेळ आली नाही.

पक्षांचा निकाल लगेच लागला, पण एकेका नावाची मोजणी व्हायला शुक्रवार उजाडला. दुपारी मुलीचा फोन आला. चौदाव्या नंबरवरून ती वर गेली होती. सगळी मतं आपलीच होती असं नाही. तिनं दोन महिने पायपीट केली होती, तिथल्या कितीतरी लोकांनी, शेजारच्या तुर्की बेकरीवाल्याच्या अख्ख्या गल्लीनं तिला मत दिलं होतं. पण ती म्हणाली, आयांची मतं काढली असती तर थोडक्यात राहिले असते. ह्यांनी पेढे आणायला चप्पल घातली. मी शेजारणीला खिडकीतूनच सांगून टाकलं.

मग मुलगी म्हणाली, "आई, बाबांनी मला रविवारचं सांगितलं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते चपला शोधायचं नाटक करू लागले, पायात चपला असून.

"तू नुसती गप्प बसली असतीस तरी मी जूनमध्ये तिकडं आले असते. तुला ठाऊक होतं ना?"

"हाव."

"मग?"

"मग काय," मी म्हटलं. "आजपर्यंत मी तुझी कार्यकर्ती होते. ते काम झालं. आता मी तुझी आई हाय. आता मला रडू दे जरा."

तिच्याकडं सकाळ होती आणि नगरपालिकेत तिला बोलावलं होतं, उशीर होत होता. तरी तिनं फोन ठेवला नाही. मी पोटभर रडून घेतलं.